शेतात हिस्सा आहे, पण त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही: विदर्भातल्या अकरा जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, स्थानिक स्तर समिती,
नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम

विषय: बौद्धिक दिव्यांग व्यक्तीचं नाव असलेला वारस फेरफार घेताना तिच्या कायदेशीर पालकाची खात्री करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

महसूल खात्याचे जिल्ह्यातले प्रमुख म्हणून आमचा सातबारा तुमच्या अखत्यारीत येतो. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ प्रमाणे जिल्ह्यात जी स्थानिक स्तर समिती असते, तिचे अध्यक्षही तुम्हीच. स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी असलेल्या, बौद्धिक दिव्यांग आणि बहुविकलांग माणसांना कायदेशीर पालक नेमून देणं हे त्या समितीचं काम. म्हणजे शेताची नोंदही तुमच्याकडे, आणि त्या शेतात हिस्सा असूनही तो सांभाळू न शकणाऱ्या आमच्या लेकराचा पालक नेमणंही तुमच्याकडे. तरी पटवाऱ्याच्या टेबलावर वारस फेरफाराचा, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायचा अर्ज येतो, तेव्हा या समितीचं नावसुद्धा कुणाच्या तोंडी येत नाही. हे पत्र त्याच एका गोष्टीसाठी आहे.

मी अंगणवाडी सेविका होते. आता निवृत्त आहे. माझा धाकटा मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे, त्याला लहानपणापासून झटके येतात. वय सत्तावीस. थोरला बुटीबोरीला कंपनीत आहे, मुलगी लग्न होऊन शेजारच्या तालुक्यात. सेविका म्हणून गावातलं प्रत्येक घर मी आतून पाहिलं आहे, त्यामुळे हे फक्त माझ्या घराचं गाऱ्हाणं नाही. अशा लेकराची आई भेटली आणि दोन गोष्टी झाल्या, की तिसरी गोष्ट ठरलेली असते: "मी हाओ तोवर ठीक आहे बाई, मंग ह्याले कोन पाह्यन?"

गावात काय होतं ते सांगते. बाप वारतो. तेरवी आटोपली की वारसांची नावं लावायला सगळे पटवाऱ्याकडे जातात. त्यात भोळ्या पोराचंही नाव लागतं, कारण हिंदू वारसा कायदा, १९५६ चं कलम २८ स्वच्छ सांगतं की आजार, व्यंग किंवा विद्रूपता यामुळे कुणाचा वारसाहक्क जात नाही. बापाचं स्वकष्टार्जित सहा एकर वावर असेल, मागे बायको आणि तीन लेकरं असतील, तर चार सारखे हिस्से, म्हणजे दीड-दीड एकर. वडिलोपार्जित शेतीचा हिशोब वेगळा निघतो, पण हिस्सा तिथंही असतोच. फेरफाराची नोटीस निघते, ती त्यालाही निघते. त्याला ती वाचता येत नाही. हरकत घ्यायची मुदत संपते, नोंद मंजूर होते, आणि त्या दिवसापासून तो दीड एकराचा मालक असतो. कागदावर.

मग दोन-चार वर्षांत कुणाला तरी विहीर खोदायची असते, कुणाला पीककर्ज वाढवून हवं असतं, कुणाला रस्त्यालगतची पट्टी विकायची असते. घरातलं कुणीतरी म्हणतं, याचं नाव कशाला ठेवायचं, हक्कसोडपत्र करून टाकू. रक्ताच्या नात्यात वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कसोडपत्राला मुद्रांक ५०० रुपयांचा. त्याला नवा शर्ट घालून तालुक्याला नेतात. "ह्याले अंगठा देता येते, मंग अडचन कायची?" हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

अडचण मोठी आहे. करार कायद्याच्या कलम ११ आणि १२ प्रमाणे, आपण काय करतो आहोत आणि त्याचा आपल्यावर काय परिणाम होईल हे ज्याला समजू शकत नाही, त्याला करारच करता येत नाही. नोंदणी कायदा, १९०८ चं कलम ३५ सांगतं की समोर आलेला माणूस अज्ञान (अठरा वर्षांखालचा) किंवा मनाने अक्षम दिसला तर दुय्यम निबंधकानं दस्त नोंदवायचाच नाही. म्हणजे असा दस्त टिकणारा नसतो. पण तो टिकणारा नाही हे न्यायालयात जाऊन सांगणार कोण? त्याला सांगता येत नाही, आई म्हातारी किंवा तिचीही सही त्याच कागदावर, आणि भाऊ तर लाभ घेणारा. म्हणून टिकू नये असा कागद आमच्याकडे वर्षानुवर्षं टिकून राहतो.

लहान मुलाच्या बाबतीत तुमच्याच खात्यानं ही काळजी घेतली आहे. सातबाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावाला 'अ.पा.क.' लागतं, अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचं किंवा दुसऱ्या कुणाचं नाव येतं. मूल अठराचं झालं की ते अक्षर निघतं. आमच्या लेकरांचंही निघतं. अठरा पूर्ण झाल्यावर कायद्यानं आई-बापसुद्धा त्याचे पालक उरत नाहीत, हे गावातल्या शंभरातल्या नव्वद घरांना ठाऊक नसतं. बँकेत खातं उघडायला किंवा पैसे काढायला गेल्यावर ते कळतं, तेही व्यवस्थापक चांगला असला तर. स्थानिक स्तर समितीचं पालकत्व प्रमाणपत्र बँकांनी मान्य करावं, असं रिझर्व्ह बँकेनं २००७ सालीच कळवलं आहे. प्रमाणपत्रच कुणाकडे नाही, हा खरा प्रश्न आहे.

का नाही? समिती जिल्ह्याला बसते म्हणून. सिरोंचातल्या माणसाला गडचिरोली किंवा धारणीतल्या माणसाला अमरावती म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. सोबत झटके येणारं मोठं पोरगं, एसटीचा प्रवास, एका दिवसाची मजुरी बुडालेली, आणि तिथं गेल्यावर "साहेब मीटिंगला आहेत, पुढच्या महिन्यात या." हे आमच्याही वाट्याला आलं. कायदा म्हणतो की समितीनं किमान तीन महिन्यांतून एकदा बसावं. समितीत तीन जण असतात: जिल्हाधिकारी दर्जापेक्षा खालचा नसलेला अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. या तिघांनी वर्षातून एकदा प्रत्येक तालुक्याला, तहसील कार्यालयात बसणं अशक्य नाही. समाधान शिबिरं तुम्ही घेताच.

इथं एक काळजी आवर्जून मांडते. पालक सगळ्याच दिव्यांगांना लागत नाही. अंध माणूस, मूकबधिर माणूस, पाय नसलेला माणूस, सिकलसेलचा रुग्ण, यांना स्वतःचा व्यवहार स्वतः करता येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम १३ त्यांना मालमत्ता बाळगायचा आणि वारसा घ्यायचा इतरांइतकाच हक्क देतं. त्यांच्यावर पालक लादला तर तो त्यांच्या हक्कावरच घाला होईल, आणि गावात तेही करू पाहणारे आहेत. ज्याला पालक लागतो, त्यालाही विचारायचंच. माझ्या मुलाला आकडे कळत नाहीत, पण कोणाच्या घरी तो दोन घास जास्त जेवतो आणि कोणाला पाहून आत पळतो, हे त्याला पक्कं कळतं. समितीनं अर्ज पाहताना दहा मिनिटं त्याच्याजवळ बसावं.

मनोरुग्णांची गोष्ट आणखी निराळी आहे. स्किझोफ्रेनियासारख्या आजाराचा माणूस राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात बसत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारापुरता असतो, मालमत्तेसाठी नाही. त्या घरांना न्यायालयाचं दार ठोठवावं लागतं. त्यांनाही तहसीलमध्येच कुणीतरी योग्य वाट दाखवली पाहिजे, नाहीतर समितीकडे अर्ज करून ती माणसं वर्षभर वाट पाहत बसतात.

आता आमच्या बाजूनं, म्हणजे आई-बापांनी काय करायचं, याविषयी. हेही तुम्हालाच लिहिते, कारण तुमच्या मदतीशिवाय यातलं बरंचसं अडतं. शहरातला वकील पहिल्यांदा ट्रस्ट सांगतो. खासगी ट्रस्ट चांगली गोष्ट आहे, १८८२ च्या कायद्यानुसार करता येतो, नोकरदार माणसाला जमतो. पण विश्वस्त शोधा, दस्त नोंदवा, पॅन काढा, दरवर्षी हिशोब ठेवा. चार एकर कोरडवाहू कपाशीवाल्याच्या आवाक्यातलं हे नाही. आमच्यासाठी मृत्युपत्र हेच खरं साधन. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही. तरी माझं सांगणं असतं की नोंदवाच, कारण साध्या कागदाचं मृत्युपत्र गावात पेटीतून नाहीसं होतं. वडिलोपार्जित जमिनीत बापाला फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं लिहिता येतं, हेही आधीच समजून घ्यायला हवं.

आमच्या घरी आम्ही असं केलं. शेताची वहिवाट थोरल्याकडे, कारण शेत टिकलं तरच धाकट्याचं पोट भरेल. पण ठेक्याची किंवा बटईची जी रक्कम येईल तिच्यात निम्मा हक्क धाकट्याचा, त्याच्या हयातीपर्यंत. घरातल्या मागच्या खोलीत राहायचा हक्कही हयातीपर्यंत. आम्ही गेल्यावर हे दोन्ही सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात आणि घराच्या नोंदीत चढवावेत, असं त्यात लिहिलं आहे. पालक म्हणून पसंती मात्र मुलीची लिहिली. जमीन ज्याच्याकडे, पालकत्वही त्याच्याकडेच, असं होऊ द्यायचं नाही, हे माझं ठाम मत आहे. एकानं कसावं, दुसऱ्यानं पाहावं. मृत्युपत्रातली पसंती तुमच्या समितीवर बंधनकारक नाही, नेमणूक तुम्हीच करणार, हे मला माहीत आहे. पण आई-बापांनी काय विचार करून ठेवला होता ते तुमच्यापुढे येईल.

काही घरं घाईनं बक्षीसपत्र करतात. मुलाला शेतजमीन बक्षीस द्यायला मुद्रांक २०० रुपयेच, म्हणून सोपं वाटतं. बाप सगळं शेत थोरल्याला लिहून देतो आणि तोंडी सांगतो, भावाला सांभाळ. अशांना वाटतं की ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा मदतीला येईल. त्याच्या कलम २३ खाली, सांभाळायच्या अटीवर दिलेली जमीन परत मागता येते खरी, पण ती अट जमीन देणाऱ्या म्हाताऱ्याच्या स्वतःच्या देखभालीची असते. म्हातारा गेल्यावर भोळ्या भावाच्या देखभालीसाठी ते कलम धावून येत नाही. ही गोष्ट बक्षीसपत्राच्या आधी कुणीतरी सांगायला हवी, आणि अर्जनवीस ती सांगत नाही.

मुसलमान घरात एका वारसाला मृत्युपत्रानं जास्त द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते. गोंड, कोरकू, कोलाम अशा अनुसूचित जमातींच्या घरांना हिंदू वारसा कायदा लागूच नाही, तिथं रूढी चालते. म्हणून एकच छापील नमुना सगळ्यांच्या हाती देऊन भागणार नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीनं गावात येऊन, एकेका घराबरोबर बसून ही मृत्युपत्रं लिहून द्यावीत.

थोरल्या भावांविषयी दोन शब्द न लिहिता पुढं गेले तर अन्याय होईल. वर लिहिलेलं वाचून वाटेल की सगळे भाऊ लुबाडायला बसले आहेत. तसं नाही. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत आई-बापांच्या मागे भाऊ-वहिनीनंच सगळं केलं आहे, न्हाऊ-माखू घालण्यापासून झटक्याच्या गोळ्या आणण्यापर्यंत. वहिनीचं कौतुक तर कुणी करतच नाही. पण या चांगल्या भावाचीही कागदानं कोंडी होते. शेतावर त्याला कर्ज काढता येत नाही, कारण दिव्यांग भावाची सही चालत नाही. संजय गांधी निराधार योजनेचा पैसा खात्यात येतो आणि काढता येत नाही. उद्या दुसरा एखादा नातेवाईक उठून म्हणतो की यानं भावाचं खाल्लं, आणि त्याच्याकडे दाखवायला काही नसतं. राष्ट्रीय न्यास कायद्यानं पालकाला नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आहे, आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब द्यायचा आहे. गैरवापर झाला तर नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था तक्रार करू शकते आणि समिती पालकाला काढू शकते. प्रामाणिक भावाला हा हिशोब म्हणजे संरक्षण आहे. फक्त तो फॉर्म मराठीत, एका पानाचा, 'कापूस किती निघाला, ठेका किती आला, दवाखान्याला किती गेला' असा हवा.

पैशाच्या कागदासोबत आणखी एक कागद लागतो, आणि त्यासाठी कुठलाच कायदा नाही. मी मुलाची एक वही केली आहे. झटक्याची गोळी कोणती, किती वाजता, आणि ती एकदम बंद केली तर काय होतं. ढग गडगडले की तो कुठं लपतो. वरण-भात वेगळा लागतो, कालवलेला चालत नाही. दाढ दुखली तर सांगत नाही, भिंतीवर गाल घासतो. पोळ्याला बैल आले की हात धरावा लागतो, तो थेट शिंगांपाशी जातो. दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, आधार, पासबुक यांच्या प्रती मागच्या कप्प्यात आहेत. माझ्या मुलीनं वही वाचली आणि म्हणाली, आई, यातलं अर्धं मलाच ठाऊक नव्हतं. गावोगावच्या आशा आणि अंगणवाडी सेविकांना सांगितलं तर प्रत्येक घरात अशी वही लिहून होईल. लिहिता न येणाऱ्या आईची त्यांनी ऐकून लिहावी. त्याला निधी लागत नाही.

ज्यांना भाऊ-बहीणच नाही, त्यांचं काय? याचं उत्तर घरात सापडत नाही. अचलपूर तालुक्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना वाढवलं, बाप म्हणून आपलं नाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षं झाली म्हणून अशा मुलांना बालगृहाबाहेर काढू नये, त्यांच्या आयुष्यभराच्या निवाऱ्याचा कायदा व्हावा, हे ते किती वर्षांपासून सांगत आले आहेत. वझ्झरच्या मुलांसाठीची ती मागणी आमच्या घरातल्या मुलांनाही लागू पडते. फरक इतकाच की आमची मुलं पन्नाशीत अनाथ होतात. ग्रामपंचायतीनं स्वनिधीतले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ते पैसे वाटून संपवण्यापेक्षा आसपासच्या ग्रामपंचायतींनी मिळून अशा प्रौढांसाठी एक कायमची जागा उभी करता येईल का, हे तुम्ही आणि जिल्हा परिषदेनं बसून पाहावं.

माझी मुख्य मागणी मात्र साधी आहे आणि ती पूर्णपणे तुमच्या हातात आहे. मृत खातेदारांच्या वारसांची नावं लावणारी 'जिवंत सातबारा' मोहीम २०२५ मध्ये आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातून सुरू झाली आणि मग राज्यभर गेली. म्हणजे विदर्भात एक गोष्ट नीट केली तर ती पुढे जाते, हे दिसलं आहे. वारसनोंदीच्या अर्जात एक ओळ वाढवा: वारसांपैकी कुणी बौद्धिक दिव्यांग, सेरेब्रल पाल्सी असलेलं, स्वमग्न किंवा बहुविकलांग आहे का? असेल तर त्याची वारसनोंद थांबवू नका. ती लगेच व्हावी, नाहीतर घराचं पीककर्ज अडेल आणि लोक पुढच्या वेळी ती ओळ कोरी सोडतील. नोंद करा, 'इतर हक्क' रकान्यात 'पालक नेमणूक प्रलंबित' असा शेरा घ्या, आणि तो अर्ज पटवाऱ्याकडूनच स्थानिक स्तर समितीकडे जाऊ द्या. वाटणी, हक्कसोड, विक्री, गहाण यांपैकी काहीही पालक नेमल्याशिवाय पुढं सरकू नये. दुय्यम निबंधकांना तो शेरा दिसला की कलम ३५ ची आठवण वेगळी करून द्यावी लागणार नाही.

आणि आई-बाप जिवंत असतानाच ज्यांचे अर्ज येतील, त्यांना रांगेत पुढं घ्या. साठीच्या पुढचे आई-बाप आणि घरात अठरा ओलांडलेलं असं लेकरू, अशा घरांची यादी करायला आशा ताईंना आठवडा पुरेल. आई-बाप पालक म्हणून नेमले गेले तरी त्यांच्यानंतर पुन्हा नेमणूक लागतेच, म्हणून पुढचा पालक कोण असावा हे त्याच अर्जात विचारून ठेवा.

समितीची पुढची बैठक कोणत्या तारखेला, कोणत्या तहसीलमध्ये आहे, हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. खरिपाच्या पेरणीआधी लावलंत तर बरं, नंतर आमच्याकडे कुणाला घराबाहेर पडायला फुरसत नसते. आमच्या पंचक्रोशीतली अशी घरं मला माहीत आहेत. तारीख कळली की त्या सगळ्यांना त्यांच्या कागदांसह घेऊन यायची जबाबदारी माझी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका आणि आई
पश्चिम विदर्भ

प्रत: विभागीय आयुक्त, नागपूर व अमरावती, सर्व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे, विदर्भ